दऱ्या आणि दर्या

कराड, रविवार

प्रिय संज्या,

तुझा रात्री दोनचा मेसेज सकाळी वाचला. "कादंबरी संपली, आता पुढं काय करतात?" एवढंच लिहिलंयस आणि खाली त्या प्रकाशकाचं कोटेशन, साठ हजारात पाचशे प्रती, कव्हर फ्री, आयएसबीएन (पुस्तकाचा तो ओळख नंबर) फ्री. फोन केला असता पण मी चिडलो की धड बोलत नाही, म्हणून लिहायला बसलोय. पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. दिले असशील तर आधी वहिनीला सांग आणि मग पुढचं वाच.

माझ्या पुस्तकाचं काय झालं ते तुला माहितीये, निदान दिवाणाखालची खोकी तरी बघितलीयस. २०१७ ला पंचेचाळीस हजार भरले, तीनशे प्रती आल्या, सत्तरेक खपल्या, त्यातल्या निम्म्या तर लग्नाच्या आहेरात गेल्या. पण खरी गंमत आत होती. मी सगळं मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं, त्यांचा पानं लावणारा डीटीपीवाला जुन्या श्रीलिपी फॉन्टवाला, त्यानं कन्व्हर्टरमधून फाईल काढली आणि सगळे 'ऱ्या' फुटले. माझा धनगर अख्खी कादंबरी दऱ्यांमधून हिंडतो, छापून आलं 'दर्यांमधून'. म्हणजे बिचारा जावळी सोडून समुद्रात मेंढरं चारतोय! प्रूफं तपासली नव्हती का म्हणशील, तर तपासली होती रे, फाईल कन्व्हर्ट व्हायच्या आधीची. तेव्हा पहिलं हे कर की पानं लावून झाल्यावरचं शेवटचं प्रूफ कागदावर मागव आणि ते माझ्याकडं पाठव, तू स्वतः वाचू नकोस, आपलं लिहिलेलं आपल्याला चुकलेलं दिसतच नाही. अरुण फडक्यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' मिळालं तर घे, लहानसं आहे, एसटीतसुद्धा चाळता येतं.

आता ते 'आयएसबीएन फ्री'. अरे तो सगळ्यांनाच फुकट असतो. दिल्लीत राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, ती देते, लेखकालासुद्धा स्वतः अर्ज करता येतो. मंगल कार्यालयवाल्यानं "हवा आमच्याकडून" म्हणावं तसलं आहे हे.

करारपत्र मात्र नीट वाच. मी वाचलंच नव्हतं, सही ठोकली, पेढे वाटले. नंतर मेहुण्यानं (कोर्टातला, तुला आठवत असेल, लग्नात बँडवाल्याशी भांडलेला) ते बघितलं तर सगळे हक्क त्यांचे आणि मुदतीचा उल्लेखच नाही. मी हाय खाल्ली. तर तो हसायला लागला, म्हणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ वाच, हक्क दिल्याची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. म्हणजे २०२२ ला माझी कादंबरी माझ्याकडं परत आली होती आणि मला पत्ताच नाही. तर तुझ्या करारात मुदत किती, रॉयल्टी किती, अनुवाद, ऑडिओ, ई-बुक यांचे हक्क कुणाकडं, हे एकेक लिहून घे. तोंडी काही नको. आणि 'कॉपीराइट काढून देतो, दहा हजार' म्हणाला तर उठून ये. तू लिहिलंस तेव्हाच तो तुझा झाला, नोंदणी ऐच्छिक आहे आणि तिची सरकारी फी पाचशे रुपये.

आता कामाचं. तुझं अजून एकही पुस्तक आलेलं नाही ना, तेच आत्ता तुझ्या कामाला येणार आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिलं पुस्तक छापायला मदत देतात, कादंबरीलाही. जाहिरात येते तिच्यावर डोळा ठेव, अट नीट वाच. मी तिथून केव्हाच बाद झालो, पैसे भरून छापलेलं असलं तरी पुस्तक ते पुस्तकच. तू त्या माणसाकडून छापून घेतलंस तर तूही बाद.

बाकी प्रकाशकांना थेट पाठवायची तर आधी तुझ्या कपाटातल्या कादंबऱ्या काढ आणि पहिलं पान उलटून कुणी छापल्यात ते बघ. गावाकडचं, तुझ्यासारखं धरणाच्या विस्थापितांचं लिहिलेलं कोण छापतं ते तिथंच कळेल. त्यांना फोन करून विचार, मग सारांश आणि पहिली तीन प्रकरणं. उत्तराला महिने लागतात, धीर धर. एखादं प्रकरण स्वतंत्र उभं राहत असेल तर दिवाळी अंकाला दे, पण उन्हाळ्यातच दे, गणपतीत पाठवलंस तर अंक भरलेले असतात.

आणि एक, राग मानू नकोस. तू पाठवलेल्या चौथ्या प्रकरणात आजी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर गाव सोडते आणि मग गाव कोयनेच्या पाण्याखाली जातं. पण धरणात पाणी तर त्याच्या आधीच साठायला लागलं होतं. आजी तसं सांगत असेल तर आजीच्या तोंडीच ठेव, नाहीतर सातारकरांपैकी कुणीतरी पकडेलच. साताऱ्याचं जुनं गॅझेटियर, १८८५ चं, नेटवर फुकट आहे, इंग्रजीत आहे पण तुझ्या गावाकडच्या नद्या, घाट, पिकं सगळं त्यात. आणि य. रा. दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो. मी परवा 'व्हाळ' (ओढा) शोधायला गेलो आणि दोन तास तिथंच.

सगळ्यात आधी मात्र तुमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना रेकॉर्ड कर. मागच्या वेळी तुझ्या चुलत आजोबांनी पाट्यावरवंट्यासकट घर उचलून नेल्याचं सांगितलं होतं ना, ते तुझ्या कादंबरीत कुठंच नाही.

फाईल वर्डमध्ये पाठव, पीडीएफ नको, मला मध्ये मध्ये शेरे मारायचेत. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. त्या माणसाचा परत फोन आला तर मेहुण्याचा नंबर दे, भांडायला तो केव्हाही तयार असतो.