सही इतक्यात करू नकोस

दादर, मुंबई
१८ जानेवारी २०२६

प्रिय दिनू,

टॅक्सीला गाडी धडकून तुझं मनगट मोडलं, त्याच्या भरपाईचा विमा कंपनीनं तुला दिलेला कागद, त्याचा तू पाठवलेला फोटो मोठा करून नीट वाचला. सव्वादोन लाख, ‘पूर्ण व अंतिम’. त्याखाली तुझ्या सहीसाठी रेघ आणि फोटोखाली तुझा निरोप, ‘सही करून मोकळा होतो, काय म्हणतोस?’ नको म्हणतो. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘हो हो’ करतोस आणि शेवटी मेव्हण्याचं ऐकतोस. म्हणून हे लिहून पाठवतोय. त्यालाही वाचायला दे.

माझी उमेदीची वर्षं विमा कंपनीच्या थर्ड पार्टी खात्यात, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याच्या भरपाईच्या खात्यात, गेली हे तुला माहीत आहे, पण तिथं बसून मी नेमकं काय करायचो ते तू कधी विचारलं नाहीस. अपघाताची खबर आली की फाईल उघडायची आणि तिच्यावर एक आकडा टाकायचा. हा दावा शेवटपर्यंत लढला गेला तर कंपनीला कितीला पडेल, त्याचा अंदाज. त्याला राखीव रक्कम म्हणतात. समोरच्या माणसाला जो आकडा सांगितला जातो तो यापेक्षा बराच खाली असतो. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही, धंदा आहे. दुकान बंद, हात गळ्यात, घरी हप्ते थकलेले, अशा वेळी रोख समोर दिसली की माणूस सही करतो, हे टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

आता तुझा सव्वादोन लाखांचा आकडा आला कुठून, ते उलटं करून बघ. तुझं उत्पन्न त्यांनी महिना १२,००० धरलंय, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. अपंगत्व १० टक्के. म्हणजे वर्षाला १४,४०० चं नुकसान. त्याला १३ नं गुणलं की १,८७,२००. उरलेले ३७,८०० तुझ्या वेदनांचे, औषधांचे आणि टॅक्सीभाड्याचे, सगळं मिळून. यातला १३ हा आकडा, वयावरून ठरणारा गुणक, तेवढा बरोबर आहे. तो सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालातल्या तक्त्यातून येतो: ४६ ते ५० वयाला १३, ५१ ते ५५ ला ११, आणि असाच उतरत जातो. आपण दोघं ४७ चे, म्हणजे तेरावाले. बाकीचे दोन आकडे त्यांच्या सोयीचे आहेत, आणि सगळं भांडण त्या दोन आकड्यांचंच आहे.

आधी टक्क्यांचं बघू. त्यांच्या डॉक्टरनं तुझं मनगट बघितलं, प्लेट व्यवस्थित बसलीय, हाड जुळलंय, म्हणून १० टक्के लिहिलं. डॉक्टर म्हणून तो चुकला असेल असं नाही. पण भरपाई हाडाची मिळत नाही, कमाईची मिळते. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली हे फार स्वच्छ सांगून ठेवलंय. तिथं उदाहरणच दिलंय की एखाद्याचा डावा हात गेला, तर डॉक्टरी हिशोबानं ते अपंगत्व ६० टक्के असेल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. तोच माणूस सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली असेल, तर कमाईचं नुकसान शून्यही असू शकतं. एकच हात, एकच जखम.

तू कटिंग मास्तर आहेस. तुझा अंगठा कात्रीच्या कडीत जात नाही, गेला तर वळत नाही. शिवणकाम कारागीर करतात, कापड तू कापतोस, आणि लालबागच्या बायका तुझ्याकडे येतात त्या तुझ्या कटिंगसाठी. हे न्यायाधिकरणापुढं, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टापुढं, शब्दांत सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. दिवाळीपासून तू पगारी कटिंग मास्तर ठेवलायस ना? त्याला देतोस ते पैसे हाच तुझ्या अंगठ्याचा भाव. त्याला यापुढं रोख देऊ नकोस, बँकेतून किंवा गूगल पेनं दे. मागे रोख दिलेल्याची त्याच्याकडून तारीखवार पावती लिहून घे. तो साक्षीला उभा राहिला तर फारच उत्तम.

आता उत्पन्न. तू रिटर्न भरत नाहीस, म्हणून त्यांनी १२,००० धरले. कागदच नसतील तर न्यायाधिकरणसुद्धा किमान वेतनाच्या आसपास येऊन थांबतं, त्याला दुसरा आधार नसतो. पण तुझ्याकडे कागद नाहीत हे मला मान्यच नाही. तुझ्या मापांच्या वह्या कुठंयत? प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, माप, शिलाई, बाकी. अरे, इतका चोख हिशोब मी भल्याभल्या कंपन्यांच्या दाव्यांतही पाहिला नाही. वह्या, गुमास्ता लायसन्स, दुकानाच्या भाड्याच्या पावत्या, मंगलदास मार्केटातून आणलेल्या अस्तराची बिलं, कारागिरांना दिलेली पीस रेटची मजुरी, बँकेचं स्टेटमेंट. एकेकटा कागद लंगडा आहे, सगळे मिळून उभे राहतात. अपघाताआधीचा नवरात्र-दिवाळीचा हंगाम आणि या वर्षीचा, दोन्ही वह्या शेजारी ठेव.

यातून महिना २०,००० जरी सिद्ध झाले (तू २५ म्हणतोस, मी हात राखून धरतोय) तर वर्षाचे २,४०,०००. स्वतःचा धंदा आणि वय ४० ते ५० असेल तर भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के मिळवायचे, हा २०१७ चा घटनापीठाचा निकाल. झाले ३,००,०००. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं ठरलं तर ९०,०००, गुणिले १३, म्हणजे ११,७०,०००. हे फक्त पुढच्या कमाईचं. दुकान बंद होतं त्या काळाची बुडालेली कमाई वेगळी, उपचारांचा खर्च वेगळा, प्लेट काढायचं ऑपरेशन करावं लागलं तर तो पुढचा खर्च वेगळा, वेदना वेगळ्या, आणि तू तबल्याला बसायचास ते सुटलं, त्याचंही एक सदर असतं. वहिनींनी काम सोडून तुझं केलं, त्याचाही विचार होऊ शकतो. एवढे मिळतीलच अशी हमी मी देत नाही. ३० ऐवजी २० टक्के ठरू शकतात. पण सव्वादोन लाखांवर सही केलीस तर हा हिशोब कुणी उघडणारच नाही.

मेडिक्लेमचं तू घाबरून लिहिलंयस. ऑपरेशनचे पैसे वहिनींच्या ऑफिसच्या पॉलिसीतून आले, ते यातून वजा होणार असं कंपनीचा माणूस म्हणाला. सर्रास म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये हा प्रश्न निकालात काढलाय: मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही. ती पॉलिसी हप्ते भरून घेतलेली, तिचा फायदा गाडीवाल्याच्या विमा कंपनीला कशासाठी? पुन्हा विषय निघाला तर एवढंच सांग.

दुसरी तुझी अडचण मला जास्त तुझ्यासारखी वाटली. गाडी चालवणारा मुलगा हॉस्पिटलात मोसंबी घेऊन आला होता, आईला घेऊन आला होता, त्याला कोर्टात कसं खेचू? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, वगैरे. दिनू, दाव्यात त्याचं नाव येईल कारण गाडी त्याची, पण पैसे त्याची विमा कंपनी देणार. थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे तो याच्यासाठीच. पोलीस केस चालू आहे ती वेगळी, तू दावा केल्यानं तिच्यात काही वाढत नाही. त्याला फोन करून तसं समजाव हवं तर, वाईट वाटणार नाही.

आणि तू टॅक्सीत मागे बसलेला प्रवासी होतास हे विसरू नकोस. किंग्ज सर्कलला गाडीवाला म्हणतो टॅक्सीनं अचानक वळण घेतलं, टॅक्सीवाला म्हणतो गाडी सुसाट आली. भांडू देत. स्वतः चालवणाऱ्याच्या भरपाईतून त्याच्या चुकीचे टक्के कापतात, तुझा तो प्रश्नच नाही. दोघांचीही चूक असेल तर प्रवासी पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो, आपसातली वाटणी त्यांनी बघायची. म्हणून दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या प्रतिवादी करायच्या. एकीनं हात वर केले तरी दुसरी सुटत नाही.

घाई फक्त एकाच गोष्टीची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, १ एप्रिल २०२२ पासून तसा नियम आहे. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू असल्याचं तुझ्या वाचनात येईल, त्यावर विसंबू नकोस. तुझा अपघात घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशीचा, २३ सप्टेंबर. गुढीपाडवा १९ मार्चला आहे. पाडव्याआधी अर्ज दाखल झालाच पाहिजे. पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे जातो आणि तो अर्ज म्हणून धरता येतो, हे खरं. तरी मी पोलिसांच्या टपालावर तुझी मुदत सोपवणार नाही.

अर्ज लवकर, पण अपंगत्वाचा दाखला मात्र सावकाश. हे दोन उलटं वाटेल, पण तसंच करायचं असतं. फिजिओथेरपी संपून अंगठा जिथं थांबायचा तिथं थांबला, यापुढं सुधारणा नाही असं तुझे सर्जन म्हणाले की मगच. आत्ता दाखला घेतलास तर कंपनी म्हणेल अजून बरा होतोय. कोर्टाच्या आवारात पैसे टाकून मिळणारा दाखला घेऊ नकोस. ज्या डॉक्टरनं तुला कधी तपासलं नाही त्याच्या तयार दाखल्यांपासून सावध राहा, असं सर्वोच्च न्यायालयानंच न्यायाधिकरणांना बजावलंय. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचा घे, किंवा ऑपरेशन केलेल्या सर्जनचा. सर्जन कोर्टात यायला नाराज असतात, बाह्यरुग्ण सोडून कोण तासन्‌तास बाकावर बसेल? त्यांची साक्ष कमिशनमार्फत, म्हणजे न्यायाधिकरणानं नेमलेल्या माणसाकडून, त्यांच्या सोयीनं नोंदवता येते, हे त्यांना आधीच सांगून ठेव. अर्जात मागितली त्यापेक्षा जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकतं, त्यामुळे आत्ता आकडा नेमका नाही म्हणून अर्ज अडवून ठेवायचं कारण नाही.

हॉस्पिटलच्या दारात ज्यानं तुला कार्ड दिलं, ‘फी नाही, फक्त तीस टक्के’ म्हणाला, त्याला सोड. निकालाच्या रकमेत टक्का ठरवणं वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, आणि जो पहिल्याच भेटीत नियम मोडतो तो पुढं तुला विचारून तडजोड करेल असं मला वाटत नाही. काळाचौकीचे एक वकील माझ्या माहितीतले आहेत. इतकी वर्षं ते माझ्या विरुद्ध बाजूला उभे राहिले, तेव्हाच त्यांची किंमत कळली. फी ठरलेली आणि टप्प्याटप्प्यानं घेतात.

वेळ लागेल, हे लपवत नाही. मुंबईत असे दावे वर्षानुवर्षं चालतात. रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, एवढा दिलासा. मधे लोकअदालत येते, तिथं कंपन्या खरोखर फाईली संपवायला बसतात, आणि तडजोड करायची तर तीच जागा. मी तडजोडीच्या विरुद्ध नाही, माझा अर्धा जन्म त्यातच गेला. फक्त तेव्हा तुझ्या पिशवीत दाखला असेल, वह्या असतील, मास्तरच्या पावत्या असतील, आणि समोरच्याला आपली राखीव रक्कम आठवावी लागेल. तोवर दुकानाचे हप्ते अडत असतील तर मला सांग. संकोच केलास तर वहिनींना विचारीन.

पुढच्या रविवारी वकिलांना घेऊन दुकानावर येतो. एफआयआरची प्रत, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि मूळ बिलं काढून ठेव. बिलांच्या झेरॉक्स काढ, थर्मल कागदावरची शाई उडते. वह्या माळ्यावर असतील तर तू चढू नकोस, पोराला चढव.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरुण

ता. क. कंपनीच्या माणसाचा फोन आला तर भांडू नकोस, बिचारा नोकरी करतोय. ‘उपचार चालू आहेत, वकील बोलतील’ एवढं सांग. आणि कागद घेऊन घरी आला तर चहा दे, पण व्हाउचरवर, कोऱ्या फॉर्मवर किंवा नुसती पोच म्हणूनही सही नको.