मेल कुठून आला, हे हेडरला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटनाचा मोसम तोंडावर आला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत होमस्टेवाल्यांच्या इनबॉक्समध्ये एकाच धर्तीचे मेल पडू लागतात. ‘पाहुण्याचे पैसे अडकले आहेत, आजच्या आज खात्याची खातरजमा करा.’ वर बुकिंग कंपनीचे नाव आणि लोगो, खाली निळे बटण. यावर सगळीकडून सल्ला मिळतो तो एकच: अनोळखी मेल उघडू नका. अहो, पण हा मेल अनोळखी नावाने येतच नाही, तीच तर मेख आहे! आमच्या शेजारच्या काकींचे दोन खोल्यांचे होमस्टे आहे. त्यांना आलेला असा एक मेल मी संगणकावर उघडून पाहिला, त्यात जे दिसले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून हे पत्र.

जीमेलमध्ये मेलच्या उजव्या बाजूच्या तीन टिंबांवर टिचकी मारली की ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय येतो. (मोबाईलच्या ॲपवर तो सहसा सापडत नाही, संगणकावरच बसावे लागते.) मजकुराच्या आधी जो बारीक अक्षरांचा ढीग दिसतो, तो हेडर. काकींच्या मेलमध्ये ‘फ्रॉम’च्या ओळीत कंपनीचे नाव होते, पण त्याला लागून असलेला पत्ता भलत्याच डोमेनचा (डोमेन म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग). ‘रिप्लाय-टू’मध्ये तिसराच, फुकटच्या खात्याचा पत्ता. काकींनी उत्तर दिले असते तर ते थेट त्या तिसऱ्याच्या हाती पडले असते.

हे इतके सोपे कसे, असे कोणी विचारील. मेलची ने-आण ज्या एसएमटीपी नियमांवर चालते, ते मुळात १९८२ सालचे. तेव्हा नेटवर्कवर मोजक्या संस्था होत्या आणि पाठवणारा सांगेल ते नाव खरे मानले जाई. आजही ‘फ्रॉम’मध्ये वाटेल ते लिहिता येते. ‘रिसीव्ह्ड’ नावाच्या ओळी मात्र वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपापली लावत जातो, जुन्या पोस्टकार्डावर टपाल कार्यालयांचे शिक्के पडत तसे. त्या खालून वर वाचायच्या. सगळ्यांत वरची शेवटच्या टप्प्याची. सर्वांत खालच्या ओळी भामटा स्वतःच घुसडू शकतो, म्हणून आपल्या मेलसेवेने लावलेल्या वरच्या ओळींवरच भरवसा ठेवावा.

‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ सर्वांत कामाची. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांचा निकाल असतो. एसपीएफ सांगते की त्या डोमेनने नेमलेल्या सर्व्हरवरूनच मेल निघाला का. डीकेआयएम ही डिजिटल सही. आणि या दोन्हींपैकी निदान एकात पास झालेले डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळते का, हे डीमार्क पाहते. काकींच्या मेलला एसपीएफमध्ये चक्क ‘पास’ होते. घोटाळा होतो तो इथेच. भामट्याने स्वतःचे डोमेन विकत घेऊन सगळे नीट बसवले की तोही पासच होतो. म्हणून ‘पास’ वाचून थांबू नये, कुठल्या डोमेनला पास मिळाला ते पाहावे. कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले असते, ते डोळ्यांत तेल घालून वाचल्याशिवाय दिसत नाही.

पत्ता ‘ब्लॉक’ करून फारसे काही साधत नाही, पुढचा मेल नव्या पत्त्यावरून येतो. फिल्टर लावायचा तर जे सहसा बदलत नाही त्यावर लावावा: ‘रिटर्न-पाथ’मधले (न पोहोचलेला मेल जिथे परत जातो त्या पत्त्यातले) डोमेन, वारंवार दिसणारा ‘रिप्लाय-टू’. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये हव्या त्या हेडरवर नियम लावता येतो. स्वतःच्या डोमेनचा मेल वापरणाऱ्या हॉटेलवाल्यांना बरेचदा स्पॅमअसॅसिन हे स्पॅम गाळणारे सॉफ्टवेअर मिळते. ते मेलला संशयाचे गुण देते आणि मूळ मांडणीत ५ गुण झाले की स्पॅम ठरवते. बाकीच्यांनी निदान मेल नुसता पुसण्याऐवजी ‘स्पॅम’ म्हणून कळवावा, म्हणजे सेवेची चाळणी सुधारते.

आता मुख्य तक्रार. आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्या, शाळा, देवस्थान समित्या आणि लहानमोठी कार्यालये अजून फुकटच्या जीमेल पत्त्यावरून पत्रव्यवहार करतात. मग खऱ्या सेक्रेटरीचा मेल आणि तशाच नावाने कोणी काढलेल्या खात्याचा मेल, दोन्ही सगळ्या तपासण्यांत पास! हेडर वाचूनही लोकांनी ओळखावे कशावरून? ढिगाने (गूगलच्या हिशेबात दिवसाला सुमारे ५,००० किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. आपल्या संस्था तेवढे मेल पाठवत नाहीत, पण लोकांचे पैसे त्यांच्याही हातात असतात. वर्षाला थोडा खर्च करून स्वतःचे डोमेन घ्यावे, डीमार्क ‘रिजेक्ट’वर ठेवावे (म्हणजे तपासणीत नापास झालेला मेल नाकारा, अशी सूचना) आणि अधिकृत पत्ता पावतीवर, नोटीस बोर्डावर छापावा. वार्षिक सभेत चहा-फराळावर जितकी चर्चा होते, तिच्या निम्मी यावर झाली तरी पुरे.

जाता जाता एक. फसगत झालीच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच कळवावे आणि तो मेल पुसू नये. पोलिसांना देताना साधा फॉरवर्ड करू नका, त्यात मूळ हेडर राहत नाही. ‘शो ओरिजिनल’मधूनच पूर्ण मेल डाउनलोड करून ती फाइल द्यावी.

आपला,
एक वाचक, म्हापसा