रुमालाची गाठ सोडून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या कागदपत्रांच्या संग्रहात, सापडलेली आमच्या गावच्या पाटाच्या पाण्याची नोंद गेल्या आठवड्यात ग्रामस्थांपुढे वाचली. पाळी आधी कुणाची, मागून कुणाची, सगळं त्यात आहे. वाचताना तुमची फार आठवण झाली. हे पत्र मुद्दामच सर्वांसमोर लिहितो आहे. या दफ्तराचा विषय निघाला की लोक रियासतकार सरदेसाईंचं नाव घेतात, १९३० ते १९३४ या काळात त्यांनी काढलेल्या, दफ्तरातल्या निवडक कागदांच्या ४५ खंडांबद्दल सांगतात. ते योग्यच. पण टेबलावर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणून ठेवणाऱ्याबद्दल कुणी लिहीत नाही.

मोडीचा वर्ग करून आलो होतो, तरी पहिले दोन दिवस एक ओळ धड लागेना. ओळभर सलग रेघ, शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मागे येऊन म्हणालात, "अक्षरं लावत बसू नका. हळू आवाजात वाचत जा, शब्द कानाला कळतो." खरोखर कळला.

दुसरी चूक सनाची. या कागदांत शुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. ‘सबा खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५७, त्यात ५९९ मिळवले की १७५६, असं मी सरसकट धरत होतो. हे साल मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, हे तुम्ही सांगितलंत. माझी नोंद माघातली होती. म्हणजे १७५७ची. महिनाभर मी एक वर्ष मागे धरून चाललो होतो!

आणि मुख्य वाट तुम्हीच दाखवलीत. हे दफ्तर हिशेबनिसांनी लिहिलेलं: रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द आणि तोच खात्यांप्रमाणे लावलेली घडणी. १८१८नंतर इंग्रजांनी ते सांभाळलं तेही बरंचसं इनामं आणि महसूल तपासायला. त्यात ‘पाणी’ असा वेगळा गठ्ठा कुठून असणार? "रोजकीर्द दिवसवार, घडणी खातेवार. आधी घडणीत खातं बघा, तिथली तारीख घेऊन रोजकीर्दीत जा," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता दफ्तराचा विकास म्हटलं की स्कॅनिंगची चर्चा होते. ते हवंच, जुना कागद किती हात सोसणार? पण माझी एक कळकळीची विनंती आहे. कुठल्या रुमालात भलतेच कागद मिसळलेत, याच्या नोंदी तुमच्या त्या लांबट वहीत आहेत. त्या सूचीत चढू द्या. नक्कल करायला मी सुट्टी काढून येईन, कितीही दिवस लागले तरी.

सोबत आमच्या नोंदीची प्रत पाठवतो. शेवटून तिसऱ्या ओळीतला एक शब्द अजून लागलेला नाही. सवडीनं वाचून पाहाल का?

आपला नम्र,
पाटाच्या पाण्यासाठी येणारा