तास वाढले, मानधनाचे काय?

बीबीसीच्या ‘रेडिओ कम्री 2’ या वेल्श भाषेतील संगीतवाहिनीवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. 2018मध्ये सकाळच्या कार्यक्रमापुरती सुरू झालेली ही वाहिनी 2023मध्ये आठवड्याला साठहून अधिक तासांवर गेली, हे त्यात आले; गाणी कुठून येतात, हे राहून गेले. 1 जानेवारी 2013 रोजी ‘एऑस’ (म्हणजे बुलबुल) या वेल्श संगीतकारांच्या संस्थेशी मानधनाचा करार न झाल्याने हजारो गाणी मूळ ‘रेडिओ कम्री’वरून गायब झाली. प्रसारणाचे तासही कापावे लागले. वर्षअखेरीस लवादाने वार्षिक 1 लाख पौंड ठरवले. संस्थेची मागणी 15 लाखांची होती! छोट्या भाषेत पर्यायी गाण्यांचा साठा नसतो. म्हणून तासांआधी मानधन वाढायला हवे.

– एक वाचक, ठाणे