देव्हाऱ्यातला घोडेस्वार

कराड
आषाढ वद्य पंचमी

चि. ओंकार यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "पोचलो, ओके." बाबांनी तो चारदा वाचून दाखवला. विमानतळावर मी जे बोलले ते ताईच्या सासरच्यांसमोर बोलायला नको होतं. पण तीन आठवडे तू दुबई दुबई म्हणत राहिलास आणि बॅगा ढकलताना माझी नजर बोर्डिंग पासवर गेली, तर पुढचा मुक्काम इराकमधलं बसरा. असो. हा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

फक्त एवढंच कर. तुझ्या कॅम्पचा पूर्ण पत्ता आणि तिथल्या ऑफिसचा फोन नंबर कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव.

बसरा म्हटल्यावर मी का बिथरले ते त्या गर्दीत सांगता आलं नाही. आपल्या घरात काही हरवलं की "बसऱ्याला गेलं" म्हणतात, ते तू लहानपणापासून ऐकलंस. चष्मा बसऱ्याला गेला, किल्ली बसऱ्याला गेली. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं, नथीतल्या बसरा मोत्यावरून काहीतरी म्हण असेल. सासूबाईंनी एकदा भांडी लावता लावता सांगितलं, मोठ्या आईचा नवरा तिकडे गेला तो आलाच नाही. म्हणजे तुझे खापरपणजोबा.

आणि तो खंडोबाचा टाक. गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आधी टाक उजळायला काढले, तू इथेच होतास. बाकीचे टाक पातळ पत्र्याचे, हा एक जाडजूड गोल. हळद-कुंकवाने इतका भरलेला की घोडेस्वार आहे एवढंच कळायचं. या वेळी मी तो रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवला. सकाळी पाठीमागे पंचम जॉर्ज निघाला. पुढचा घोडेस्वार खंडोबा नव्हे, त्याच्या अंगावर कपडासुद्धा नाही, आणि बाजूला १९१४, १९१८. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक. शंभर वर्षं आपण त्याला भंडारा वाहत होतो. कडेला बारीक अक्षरं होती, ती बाबांनी भिंगातून वाचली: एक नंबर, शिपाई, नाव, ११७ मराठा.

तू तेव्हा म्हणालास, आई, आता रिटायर झालीस, शोध की. गंमत म्हणून म्हणाला असशील. मी मात्र नऊ महिने तेच केलं.

तेहतीस वर्षं महसुलात काढली, तेव्हा वाटलं पहिल्यांदा शिरगणतीत बघावं. १९११ ची झाली, मग १८ मार्च १९२१ ची. या दोन्हींच्या मध्ये घरातलं एक माणूस कमी झालेलं दिसेल असा माझा हिशेब. पण इंग्रज आमदनीत घरोघरच्या नावांच्या याद्या आकडे काढून झाले की ठेवत नसत. राहिले ते तक्ते. किती पुरुष, किती बायका. त्या दहा वर्षांत सातारा जिल्ह्याची माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली, मधे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली, हे सगळं तक्त्यात आहे. आपला माणूस त्यात कुठेतरी वजा झालेला आहे, पण बोट ठेवून दाखवता येत नाही.

चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी होती म्हणे. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. सासूबाईंनी ती पाहिली होती. तीवरही नावं नव्हती. आता तर मूळ गावासकट ती कोयनेच्या पाण्याखाली आहे.

मग पदकाचा नंबर घेऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदींत शिरले. नावाने शोधून डोळे गेले होते. सखाराम या नावाची इंग्रजीत काय काय रूपं केली आहेत, सकाराम, सुकाराम, सखराम! नंबर टाकला आणि एकच ओळ आली. बापाचं नाव, गाव, पाटण, सातारा. गावाचं स्पेलिंग असं की तीनदा मोठ्याने म्हटल्यावर मला ते आपलं गाव वाटलं. मृत्यू ऑगस्ट १९१६. स्मारक: बसरा.

मी किती वेळ तशीच बसले होते ते बाबांना विचार.

११७ मराठा ही पुणे डिव्हिजनमधली पलटण. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्यांनी तुर्कांकडून बसरा घेतलं, पुढच्या नोव्हेंबरात बगदादच्या दाराशी सलमान पाकला लढाई झाली, आणि तिथून मागे फिरले ते कुट गावात अडकले. १४७ दिवस वेढा. शेवटी घोडी मारून खायची वेळ आली. आपल्या लोकांपैकी कितीतरी जणांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही आणि भाजीपाल्यावाचून हिरड्या सुजून पडले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सगळे मिळून सुमारे तेरा हजार कैदी, आणि उन्हातून उत्तरेकडे पायपीट. बरेच हिंदी शिपाई रास अल ऐनला रेल्वेच्या कामावर लावले गेले. आपला सखाराम वेढ्यातून जगला असणार, कारण त्याची तारीख ऑगस्टची आहे. चार महिने तो कुठे होता, पाणी कुणी दिलं, शेवटी कोण जवळ होतं?

कॅम्पमध्ये पाणी उकळून देतात ना रे? उन्हाळा ऐन भरात आहे तिथे. डोक्याला ओला पंचा बांधत जा, हेल्मेटच्या आत बसतो. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला असेल तर मागून घे, निदान झेरॉक्स तरी जवळ ठेव. करारपत्राची प्रत ताईला पाठव. इकामा का काय तो झाला की त्याचाही फोटो. कागद म्हणजे कटकट असं तुला वाटतं. माझ्या टेबलाशी आयुष्यभर माणसं रडताना पाहिलीत मी, केवळ एक कागद नाही म्हणून...

बघ, पुन्हा सुरू झाले. माफ कर. तू बत्तीस वर्षांचा आहेस, घराचं कर्ज तू फेडतोस, बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन तू केलंस. निमाआत्या सगळ्या गल्लीत सांगत फिरते, आमचा ओंकार तेलाच्या विहिरीवर इंजिनियर आहे. मीही सांगते. दारं लावून घेतली की मग मला काहीतरी होतं.

खरी गोष्ट सापडली ती माझ्याच जुन्या रेकॉर्ड रूममध्ये. गाव बुडालं तरी दप्तर तालुक्याला होतं. रुमाल सोडले, मोडीतले फेरफार एकेक करून लावले. १९२४ ची वारस नोंद निघाली. सखाराम बिन बापूजी १९१४ साली पलटणीत गेले, आज सात वर्षांवर ठावठिकाणा नाही, सबब मयत समजून मुलाचं नाव लावावं. मुलगा अज्ञान, पालनकर्ती आई. दोन एकर काही गुंठे वरकस आणि आकार जेमतेम रुपयाच्या घरात. एवढ्या जमिनीचा सारा कोण भरणार हे सरकारला कळायला हवं होतं, म्हणून तिथे त्याचं पूर्ण नाव टिकलं.

खाली डाव्या हाताचा अंगठा आहे. मोठ्या आईचा.

तो शिपाई १९१६ ला गेलेला, आणि १९२४ ला ही बाई सांगते आहे की ठावठिकाणा नाही. तिला कोणी कळवलंच नव्हतं, किंवा कळवलं ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. मुलाच्या तोंडचा घास जाऊ नये म्हणून तिने अंगठा दिला. पण सासूबाई सांगायच्या, म्हातारीने मरेपर्यंत कपाळाचं कुंकू काढलं नाही, आणि सणाला एक ताट जास्त वाढायची. नक्कल घेतली तेव्हा मी त्या अंगठ्यावर बोट ठेवलं. फार लहान अंगठा आहे रे.

तुला पालीच्या यात्रेतलं आठवतं? चार वर्षांचा होतास. भंडाऱ्याने सगळी माणसं सारखीच पिवळी, आणि हात सुटला. दीड तास. नदीकाठाने मी कशी पळत होते ते मलाच ठाऊक. सासूबाईंनी निघताना तुझ्या चड्डीच्या खिशात चिठ्ठी घातली होती, नाव, बापाचं नाव, गाव. मी तेव्हा त्यांना हसले होते. एका खेळणीवाल्याने ती वाचून तुला चौकीवर आणलं. तू रडतही नव्हतास, तोंडात रेवडी होती.

आता एक मागणार होते. ते स्मारक पूर्वी बंदराजवळ होतं, १९९७ मध्ये हलवून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर लांब नेलं. चाळीस हजारांवर माणसं आहेत त्यावर. फलकांवर अधिकाऱ्यांची नावं कोरली होती, आपल्या शिपायांची फक्त संख्या. कमिशनने २०२१ साली त्याबद्दल माफी मागितली. तू तिथे जाऊन चिमूटभर भंडारा ठेवावास असं वाटत होतं, पुडी बॅगेच्या आतल्या कप्प्यात घातलीही आहे. पण नको जाऊस. त्या रस्त्याला एकटा तर मुळीच नको. कॅम्पमध्येच खिडकीत ठेव.

टाक परत देव्हाऱ्यात ठेवलाय, घोडेस्वार पुढे करून, होता तसाच. बाबा म्हणाले, पदक फ्रेम करू. मी नाही म्हटलं.

आणि पत्त्याबरोबर तुझ्या गळ्यातल्या बॅजवरचा नंबरही कळव. नावं काय, तिथे कशीही लिहितील.

तुझी,
आई