नंदूदादा, वैशूवहिनी आणि माझं ऑपरेशन

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर माझ्या वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विषय निघाला की आईच्या डोळ्यांना पाणी येतं आणि बाबा "घे, तूच बोल" म्हणून फोन परत तिच्याचकडे देतात. म्हणून लिहितेय. बाबा, सावकाश वाचून दाखवा, आणि मधेच चष्मा काढून "हे काय मला पटत नाही" म्हणू नका. शेवटपर्यंत वाचा, मग म्हणा.

तारीख घेतली आहे. पक्षातली मिळत होती, ती आई तुझ्यासाठी सोडली आणि दसऱ्यानंतरची घेतली. विम्याची मंजुरी आली आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, पस्तिशीच्या वर आणि शिवाय झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असला की ते हा खर्च देतात, आणि माझ्याकडे दोन्ही आहे. तेव्हा बाबा, पोस्टातल्या पैशांना हात लावायचा नाही. अमोलला मी तसं बजावून ठेवलंय, कारण तुम्ही त्याला गुपचूप फोन करणार हे मला माहीत आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. "नंदूचं तर परत वाढलं. मग पोट कापून घेऊन काय उपयोग?" आणि त्याच्या लगेच मागे, "वैशू बघ कशी शेवग्याच्या शेंगेसारखी झाली!" तुम्ही दोघं एकाच दमात दोन्ही बोलता. मला ते नीट सांगायचंय, कारण ठरवण्याआधी मीही तिथेच अडकले होते.

मुळात त्या दोघांचं ऑपरेशन एक नव्हतं. नंदूदादाची स्लीव्ह. म्हणजे जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. वैशूवहिनीचं बायपास. त्यात जठराची वरची, साधारण तीस मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी वेगळी करतात आणि तिला लहान आतडं खालून आणून जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्यात जात नाही. दोन्हींमध्ये नुसती जागा कमी होत नाही, पोटातून मेंदूकडे जाणारे भुकेचे निरोपसुद्धा बदलतात, आणि ते कोणाचे किती बदलतील हे शरीरागणिक वेगळं. सरासरी काढली तर बायपासला वजन थोडं जास्त उतरतं. पण सरासरीच ती. स्वीडनमध्ये 1987 पासून हजारो लोकांना वर्षानुवर्षं तपासत आले आहेत. तिथल्या बायपासवाल्यांचं वजन दहा वर्षांनीसुद्धा सरासरी 25 टक्के कमीच होतं. त्यात पुष्कळ जास्त उतरलेलेही होते आणि जवळजवळ न उतरलेलेही.

मग माणसं बघा. वहिनी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, साखर नाही, फक्त पाळीचा त्रास. दादा पन्नाशी ओलांडलेला, पंधरा वर्षांची साखर, दोन वेळचं इन्शुलिन. इन्शुलिन घेणाऱ्याचं वजन तसंही जड उतरतं. त्यात त्याच्या दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या अधूनमधून चालूच, त्याही वजन वाढवतात. कंपनीत रात्रपाळी, झोपेचं खोबरं. गुडघे असे की जिना चढायचा तर कठड्याला धरून. म्हणजे त्याने शर्यत सुरू केली तीच मागच्या रेघेवरून. त्याचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाही. नळीतून घट्ट भाकरी पटकन उतरत नाही, पण गोड चहा उतरतो, आणि तो दिवसाला किती चहा पितो हे आख्ख्या शिवाजीनगरला माहीत आहे. तपासणीला जायचंही त्याने सोडलं. पण आपल्या घरात लग्नकार्यात त्याच्या ताटाकडे बघून "जिभेवर ताबा नाही" म्हणतात ना, ते मला आता ऐकवत नाही. 140 वरून 108 वर गेला, आता 118 वर आहे. सगळे म्हणतात फेल गेलं. बावीस किलो आजही कमी आहे आणि इन्शुलिन निम्म्यावर आलंय, हे कोणी मोजतच नाही. आणि तळाला गेल्यावर थोडं वजन परत येणं हे बहुतेकांचं होतं, वहिनीचंही दोन-तीन किलो आलंय. ती फक्त साडीत दिसू देत नाही.

बाबा, तुम्हाला आकडे आवडतात म्हणून एक सांगते. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे एक इंग्रज सहकारी, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. मोजलं तर याज्ञिकांच्या अंगात चरबी 21 टक्के आणि त्या इंग्रजाच्या अंगात 9. लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात 2004 साली दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोघे आतून इतके वेगळे असतील, तर एकाच टेबलावर झोपवलेल्या दोघांचं पुढे एकसारखं कसं होणार? तुमची बीपीची एकच गोळी तुम्हाला पुरली आणि अण्णाकाकांना तीन लागल्या, तेव्हा काकांचा स्वभाव वाईट असं आपण म्हटलं का?

आई, आता तुझं. "मीच तुला साय-साखर घालून वाढवलं" हे तू परवा अमोलला म्हणालीस. म्हणू नकोस असं. तीच साय सुहासनेही खाल्ली, माझ्या वाटीतली पळवूनही खाल्ली, आणि तो अजून काडी आहे. बोस्टनच्या डॉक्टरांनी 2011 मध्ये एक गंमत दाखवली. बायपास झालेल्या भावंडांचं, आई-मुलांचं वजन बरंचसं सारखं उतरलं; पण एका घरात राहणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या, रक्ताचं नातं नसलेल्यांचं तसं जुळलं नाही. म्हणजे यात स्वयंपाकघरापेक्षा रक्ताचा वाटा मोठा. (बाबा, याचा अर्थ तुमच्या आईकडून आलं असा काढून लगेच गप्प बसू नका. मोठ्या आईचे डोळेही माझ्याकडे आलेत, ते मला आवडतात.) तू माझ्या फ्रॉकला दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं माया सोडायचीस, दिवाळीचा फ्रॉक उन्हाळ्यात उसवून मोठा करायचीस, आणि शाळेत कोणी काही बोललं की "माझी लेक अंगानं भरलेली आहे" म्हणून बाईंना ऐकवून यायचीस. त्यात तुझं काय चुकलं?

मी बायपास निवडलं, त्याची कारणं लिहून देते. मला छातीत जळजळ आहे, स्लीव्हने ती वाढू शकते, बायपासने बहुधा कमी होते. माझी साखर तीन वर्षांचीच आहे आणि गोळ्यांवर आहे. साखर जितकी नवी तितकी ती ताब्यात येण्याची शक्यता जास्त, म्हणूनच मला अजून पाच वर्षं "बघू, चालून बघू, भात सोडून बघू" करायचं नाहीये. ते सगळं तुम्ही माझ्याबरोबर पाहिलंय. बाबा, पेपरात आलेल्या त्या आठवड्याच्या इंजेक्शनबद्दलही विचारलं. चांगलं आहे, पण तेही कोणाला लागू पडतं कोणाला कमी, आणि बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. पुढे गरज पडली तर डॉक्टर ते जोडीला देतातही. तो दरवाजा बंद होत नाही.

धोका आहे का? आहे. हजारात एक ते तीन माणसं पहिल्या महिन्यात दगावतात असं साधारण धरतात, म्हणजे मावशीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपासच. त्याच संध्याकाळी मला उठवून चालायला लावणार आहेत, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. आणि मी किती बारीक होईन? आज 102 आहे. सगळं नीट गेलं तर वर्ष-दीड वर्षात पंचवीस ते तीस किलो. वैशूवहिनीसारखी होणार नाही, मला व्हायचंही नाही. ओवीबरोबर पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढता याव्यात आणि रात्री श्वासासाठीचा तो मुखवटा लावून झोपावं लागू नये, एवढंच हवंय. तीसऐवजी अठराच उतरले तर "बघ, आम्ही सांगत होतो" म्हणायचं नाही. हे मी प्रेमाने सांगतेय, पण सांगतेय.

आता तुमच्या येण्याचं. सुहास गाडी घेऊन येईल, एसटीने यायचं नाही, आईच्या कमरेला ते सोसत नाही. आतली खोली तुमची. कमोड आहे, बाजूला धरायला दांडा बसवून घेतलाय. बाबांना मऊ गादीवर झोप लागत नाही म्हणून सतरंजी आणि पातळ गादी काढून ठेवली आहे, मच्छरदाणीही. सकाळी पाचला चहा लागतो, तर गॅसजवळच पातेली, आलं, साखर सगळं वेगळं ठेवेन. कोणाला उठवायचं नाही, कोणी रागावणार नाही. खालीच बाग आहे. कराडचा प्रीतिसंगम नाही तिथे, पण बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचात तेवढ्या लवकर गेलात तर गर्दी नसते आणि बाकडी ओली नसतात.

आणि नियम. पहिले दोन आठवडे मी फक्त पातळ घेणार. औषधाच्या बाटलीवरचं छोटं माप असतं ना, त्याने मुगाचं पाणी, गाळलेलं ताक, घोट घोट. ते बघून आईने रडायचं नाही. "एवढ्याने काय होणार, एक चमचा शिरा खा" म्हणायचं नाही. बायपासनंतर गोड एकदम पोटात गेलं की धडधडतं, घाम फुटतो. जेवताना पाणी मागितलं तरी देऊ नका, अर्ध्या तासाने द्या. बाबांनी त्यांच्या गुडघ्याची गोळी मला "घे, उतरेल दुखणं" म्हणून द्यायची नाही, त्याने जोडलेल्या जागी अल्सर होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझे केस गळतील. घाबरायचं नाही, येतात परत. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर आहेत. रोज आठवण करायचं काम बाबांकडे, कारण ते ज्याला त्याला आठवण करतातच.

माझ्यासाठी निर्जळी धरायची नाही, आई. आधीच तुझं हिमोग्लोबिन कमी. संकष्टी कर, पण साबुदाणा, दूध घेऊन. गणपतीला मी आधीच सांगितलंय. आणि गावभर सांगायचं नाही. नंदूदादाला मात्र मी स्वतः फोन केला होता. तो म्हणाला, "दोन गोष्टी करू नकोस, चहा आणि दांडी." आणि खूप हसला. त्याला एकदा जेवायला बोलवा.

तुमची,
बेबी

ता. क. येताना माझी निळी फाईल आणा, कपाटात वरच्या फळीवर, आईच्या पैठणीच्या पिशवीखाली. त्यात माझे जुने साखरेचे रिपोर्ट आहेत, भूलतज्ज्ञांनी मागितलेत. आणि बाबा, तुमची स्वतःची साखर मार्चनंतर तपासली नाहीये, सुहासने सांगितलं. निघायच्या आधी उपाशीपोटी करून रिपोर्ट सोबत आणा, म्हणजे इथे एकदाच दाखवून घेऊ.