मनूस पत्र: आधी मॅडमना सांग

मिरज, रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दिवस राहिल्याची बातमी सांगितलीस आणि बाबा लगेच देवापुढे साखर ठेवायला उठले. तेवढ्या वेळात आपल्या दोघींचं वाजलं. तुझं म्हणणं, तीन महिने होईपर्यंत हॉस्पिटलमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही. तुझ्या सासूबाईही तेच म्हणाल्या, आणि सोलापूरच्या आत्याही तेच म्हणतील. मी "तुमच्या वरिष्ठ मॅडमना आजच सांग" म्हटलं, तू "आई, केमोची औषधं मी हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, हूडमध्येच मिसळते ना, काही होत नाही" म्हणालीस आणि फोन ठेवलास. पुन्हा फोन केला असता तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते. लिहिलेलं तू शेवटपर्यंत वाचशील.

रीत मलाही कळते. सुरुवातीच्या दिवसांत काही सांगता येत नाही, म्हणून चारचौघांत बोलायचं नाही. नातेवाइकांत ती जरूर पाळ. शैलाकाकूला मीही अजून काही बोललेले नाही. पण तुझ्या कामात हिशोब नेमका उलटा आहे. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून तयार होतात ती नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते. हृदय, हात, पाय यांची घडण आठव्या आठवड्यापर्यंत होत आलेली असते. पाळीच्या तारखेवरून तुला सहावा आठवडा चालू आहे, म्हणजे गर्भधारणेपासून चौथा. जे तीन महिने तू लपवणार म्हणतेस, त्याच तीन महिन्यांत सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट अशा केमोच्या औषधांच्या व्हायलींपासून, म्हणजे कुप्यांपासून, लांब राहायचं असतं. चौथ्या महिन्यात मिक्सिंग सोडलंस तर त्यातला बराच अर्थ निघून गेलेला असेल.

कॉलेजात तुम्हाला हे शिकवलंय, तरी सांगते. 1979 मध्ये फिनलंडमधल्या परिचारिकांच्या लघवीत ही औषधं हाताळल्याच्या खुणा सापडल्या. 1985 मध्ये तिथलाच दुसरा अभ्यास आला: पहिल्या तीन महिन्यांत केमोची औषधं हाताळणाऱ्या नर्सेसमध्ये गर्भपाताची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. ते दिवस उघड्या टेबलावर, पंख्याखाली औषध काढण्याचे होते, हेही तितकंच खरं. तुमच्याकडे सगळी हवा बाहेर फेकणारं बी-टू कॅबिनेट आहे, दुहेरी हातमोजे आहेत, मागून बांधायचा गाऊन आहे. त्यामुळे गेल्या आठवड्यांत जे मिक्सिंग झालं त्याची धास्ती घेऊ नकोस. रात्री जागून जुन्या रजिस्टरमधले मिलिग्रॅम मोजत बसू नकोस, मी तुला ओळखते. मी बोलतेय ते उद्यापासूनचं.

आणि हूड म्हणजे काचेमागचं सगळं जग सुरक्षित, असं नसतं. व्हायल कंपनीतून येते तेव्हाच तिच्या बाहेरच्या अंगाला औषधाचा अंश असू शकतो. म्हणजे खोकी उघडणारा, फ्रिजमध्ये लावणारा, ट्रेमध्ये काढून देणारा, तिघेही हात लावतात, आणि त्या वेळी बहुतेकांच्या हातात एकच मोजा असतो किंवा नसतोच. शेवटी स्पिरिटने पुसलं की स्वच्छ झालं असं नवीन मुलांना वाटतं. स्पिरिटने जंतू मरतात, औषध नुसतं पसरतं. आधी हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, मग साबणाचं पाणी, आणि स्पिरिट सगळ्यात शेवटी. मोजे दर अर्ध्या तासाला बदलायचे, बाहेरचा मोजा गाऊनच्या कफवर, आतला कफखाली. व्हायलमध्ये काढायच्या औषधापेक्षा जास्त हवा ढकलायची नाही, नाहीतर सुई बाहेर काढताना फवारा उडतो. सिरिंज तीन चतुर्थांशाच्या वर भरायची नाही, नाहीतर दट्ट्या निसटतो. सलाईनचा सेट औषध घालायच्या आधी साध्या सलाईननेच भरून ठेवायचा, म्हणजे वॉर्डात सिस्टरला नळीतली हवा काढताना औषधाचे थेंब सांडावे लागत नाहीत. हे सगळं तू माझ्यापेक्षा नीट करतेस, ठाऊक आहे. पण चाळीस बॅगांच्या दिवशी, एकजण रजेवर असताना, तेराव्या बॅगेला जो मोजा असतो तोच एकविसाव्यालाही राहतो. त्या दिवसाची मला भीती वाटते.

हे लेक्चर झालं. राग मानू नकोस.

तुझी खरी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. प्रोबेशन चालू आहे, मिक्सिंगला तुम्ही दोघीच, आणि एक हटली की दुसरीवर भार. शिवाय सहा वर्षं फार्म डी, औषधशास्त्राची पदवी, करून शेवटी "हलकं काम द्या" म्हणायला जिवावर येतं. पण मनू, मिक्सिंगच्या काचेबाहेर जे काम आहे ते हलकं कुणी म्हटलं? तुझी नेमणूकच क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून झालीये. औषध बॅगेत भरायचं तंत्र हुशार मुलगा काही महिन्यांत उचलतो. डॉक्टरांची ऑर्डर वाचून "थांबा" म्हणायला फार्माकॉलॉजी पचलेली लागते.

कार्बोप्लॅटिनचंच घे, त्याचा डोस किडनी किती वेगाने गाळते त्यावर ठरतो. वय तीस, वजन 45, रक्तातलं क्रिएटिनिन 0.4 अशी बाई. कागदावर किडनी झकास दिसते, पण क्रिएटिनिन खाली आलेलं असतं ते अंगावर मांस उरलं नाही म्हणून. नेहमीच्या सूत्रात तो आकडा तसाच घातला तर क्लिअरन्स, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, 146 येतो, आणि एयूसी 5 साठी, म्हणजे शरीराला औषधाचा जेवढा एकूण मारा द्यायचा ठरवलाय त्यासाठी, डोस 855 मिलिग्रॅम. क्रिएटिनिन किमान 0.7 धरलं तर क्लिअरन्स 83 च्या आसपास आणि डोस 540 च्या घरात. क्लिअरन्स 125 वर अडवायचा नियम लावला तरी 750 च निघतात. एकाच बाईला 540 की 855, हा फरक पुढच्या दोन-तीन आठवड्यांत प्लेटलेट्समध्ये दिसतो. रेसिडेंट डॉक्टर पोरगा रात्रभर जागलेला असतो, सॉफ्टवेअर आकडा देतं, तो सही करतो. तिथे कुणीतरी बसलेलं हवं, ज्याला बाईचं वजन वाचताना बाई दिसते.

1994 मध्ये बॉस्टनला काय झालं ते तुला माहीत आहे. सायक्लोफॉस्फामाइड चार दिवसांत मिळून शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला 4 ग्रॅम द्यायचं होतं, ते रोज 4 ग्रॅम असं वाचलं गेलं. बाई गेली, आणि ती स्वतः आरोग्यावर लिहिणारी पत्रकार होती. औषध भरणाऱ्यांनी भरलं बरोबरच असणार, सांगितलं तेवढं. चुकलं ते वाचण्यात. शिरेतून द्यायचं व्हिन्क्रिस्टिनही तसंच: सिरिंजमध्ये गेलं की कधीतरी, कुठेतरी ते पाठीच्या कण्यात दिलं जातं, आणि मग जवळजवळ कुणी वाचत नाही. म्हणून ते 50 मिलीच्या सलाईनच्या बॅगेतच पाठवायचं, म्हणजे चुकूनही कुणी ते कण्यात द्यायला घेणार नाही. तुमच्याकडे लहान मुलांच्या वॉर्डात अजून सिरिंज जाते असं तू दिवाळीत बोलली होतीस. ते बदलून घेणं हे एका माणसाचं सहा महिन्यांचं काम आहे. मिक्सिंग रूमबाहेर बसून करण्यासारखं.

हाय डोस मेथोट्रेक्सेटच्या दिवशी केसपेपरवर ॲसिडिटीची पॅन-40 आहे का ते बघणारं कोण असतं? त्यातलं पँटोप्राझोल आपल्याकडे प्रसादासारखं सगळ्यांना मिळतं, आणि त्याने मेथोट्रेक्सेट शरीरात रेंगाळतं. सेप्ट्रान, डायक्लोफेनॅक, तेही तसेच. लघवीचा पीएच 7 च्या खाली गेला तर औषध किडनीत साचून बसतं. चोविसाव्या तासाला त्याचा उतारा, ल्यूकोव्होरिन, सुरू झालं का, मेथोट्रेक्सेटची रक्तातली लेव्हल 0.1 च्या खाली येईपर्यंत ते चालू ठेवलं का, हे सोमवारी सकाळी नाही, रविवारी रात्री बघावं लागतं. मर्कॅप्टोप्युरिन चालू असलेल्या पोराला कुणी यूरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल सुरू केलं तर मर्कॅप्टोप्युरिनचा डोस चौथाई ते तिहाईवर आणायचा असतो. आणि ओपीडीत बार्शीहून, बुलढाण्याहून आलेला माणूस, जो दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला आहे, त्याला कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीचं गणित समजावायचं: 14 दिवस घ्यायची, 7 दिवस बंद, जेवणानंतर अर्ध्या तासात, तळवे लाल होऊन सोलायला लागले की गोळ्या थांबवून फोन. काढा, मुळी, भस्म चालू आहे का हे न रागावता विचारायचं, नाहीतर तो खरं सांगत नाही. ताप 38.3 सेल्सियसवर गेला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, सरळ कॅज्युअल्टीत. हे तू छान करतेस. विक्रमरावांनी सांगितलं मला, एका आजोबांना तू गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून दिलेस. बाबा तेव्हापासून येईल त्याला सांगतात. अजूनही लोक विचारतात, "मनू मेडिकल कधी टाकणार?" आता बाबाच उत्तर देतात, मला बोलू देत नाहीत.

विषय कुठून कुठे गेला. मी एवढंच लिहायला बसले होते की मॅडमना सांग.

आणि मिक्सिंग सोडलं की झालं असंही नाही. लेनालिडोमाइडची कॅप्सूल उघडायची नाही, फुटलेली तर मुळीच हातात धरायची नाही. ज्या थॅलिडोमाइडने बाळांचे हातपाय अर्धवट राहिले, त्याचंच ते भावंड आहे. मुलांसाठी गोळी कुटून द्यायची वेळ आली तर ती दुसऱ्याने करायची. गोळ्या मोजायच्या ट्रेवर केमोची गोळी आलेली असेल तर ट्रे धुतल्याशिवाय हात लावू नकोस. राउंडला पेशंटने उलटी केली तर मदतीला पुढे धावायची तुझी सवय आहे. केमोनंतर साधारण 48 तास लघवी, उलटी यात औषध असतं. वॉर्डातल्या मावशींनाही मोजे घालायला सांग, त्यांना कुणी सांगत नाही. सांडलं तर स्पिल किट उघडायचं काम या महिन्यांत तुझं नाही, कितीही घाई असली तरी. आणि हे दूध पाजण्याच्या दिवसांपर्यंत धर.

पुन्हा सुरू झाले मी. बाबा म्हणतात पत्र आहे की प्रोटोकॉल. पण मनू, एवढं शिकवलंस तू मला गेल्या काही वर्षांत, नवीन औषधांची नावं मी तुझ्याकडून शिकले, आणि हे एक मात्र मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं असं वाटतं. चुकीचं असेल तर सोड. नाही, सोडू नकोस.

मॅडम वाईट बाई नाहीत, तूच म्हणतेस. त्यांना एकटीला गाठ, दार लावून घे. बातमी त्यांच्यापाशीच राहावी असं स्पष्ट सांग, म्हणजे तुझ्या सासूबाईंचाही मान राहतो. दोन ओळींचा अर्ज लेखी दे: गरोदर आहे, मिक्सिंग आणि स्पिलच्या कामातून आजपासून मोकळं करावं, ऑर्डर तपासणी, राउंड आणि समुपदेशन करीन. तारीख घाल, पोच घे. बाळंतपणाआधीच्या वर्षात 80 दिवस काम भरलं की प्रसूतीची रजा 26 आठवडे मिळते, प्रोबेशन असो वा नसो, तेव्हा त्या भीतीने गप्प राहू नकोस. तुझ्या जागी कोण येणार हा प्रश्न त्यांचा आहे, तो तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. दुसरी मुलगी एकटी पडेल म्हणून वाईट वाटत असेल तर तिच्या ऑर्डरी तू आधी तपासून, लेबलं छापून, क्रमाने लावून दे. तिचा निम्मा वेळ वाचेल.

फॉलिक ॲसिड चालू केलंस का? डॉक्टरांनी किती मिलिग्रॅम लिहिलं ते कळव. सोबतच्या सांडगी मिरच्या विक्रमरावांसाठी आहेत, तू दोनच खा. बाबांच्या गुडघ्याचं बरं आहे, येताना पायऱ्या चढून आले.

तुझी,
आई

ता. क. अर्ज दिलास की फक्त "दिला" एवढा मेसेज टाक. बाकी काही विचारणार नाही.